चार मित्र, ५ मीटरची बोट आणि गळ: पहिल्यांदा समुद्रात जाण्याआधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चौघं मित्र आहात, एकाने ५ मीटरची उघडी फायबरची बोट आणि ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लटकणारं इंजिन, सेकंडहँड घेतलंय, किनाऱ्यावरून आणि तळ्यावर गळ टाकायची सवय आहे पण बोटीतून समुद्रात कधी गेला नाहीत, आणि आता विचारताय की रॉड-रील कुठलं घ्यायचं, आत किती जायचं, मासे कुठे मिळतात, आणि एकाला बोट लागते त्याचं काय करायचं. मी वीसेक वर्षं हेच करतोय, दर महिन्याला दोन-तीनदा, बहुतेक वेळा मित्रांबरोबरच, आणि त्यात करायच्या तेवढ्या सगळ्या चुका करून झाल्यात, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

तुम्ही पहिला प्रश्न रॉडचा विचारलात. सगळे तोच विचारतात, मीही तोच विचारला होता. पण माझं ऐकाल तर पहिली फेरी रॉड न घेताच मारा. खरंच. सकाळी दोन तास नुसते जा, किनारा दिसेल इतपतच, बोट चौघांच्या वजनाने किती बसते ते बघा, लाट समोरून आली की कशी आपटते, बाजूने आली की कशी डोलते, इंजिन गार असताना कितव्या दोरीला उठतं, नांगर टाकून धरतोय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात एकाला मुद्दाम लाइफ जॅकेट घालून उतरवा आणि खाली पाय न टेकता परत बोटीत चढायला सांगा. हसाल, पण करून बघा. धडधाकट माणूस, जिमला जाणारा, ओल्या कपड्यांत बोटीच्या काठाला लटकतो आणि पाय बोटीखाली जातात, वर येताच येत नाही. वरून दोघांनी ओढलं तर बोटच त्या बाजूला कलते. मग तुम्हाला आपोआप कळेल की मागच्या फळीला शिडी हवी, आणि ती नसेल तर निदान दोरीचा एक फास पाय ठेवायला हवा, आणि इंजिन बंद असायला हवं. रॉड हातात आला की यातलं काहीही कोणी करत नाही, सगळ्यांचं डोकं माशात.

दुसरी गोष्ट, निघायच्या आधी कॅप्टन ठरवा. बोट ज्याची तोच असावा असं काही नाही, ज्याचं डोकं थंड तो. आणि त्याच्या हातात एकच हुकमी पत्ता द्यायचा: तो म्हणाला चला, की लाइन गुंडाळायची, मासा लागत असला तरी. परतायची वेळ घरून निघतानाच ठरवायची आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्यायची, कुठे जातोय, किती जण, बोटीचा रंग, किती वाजता येणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर शोध-बचाव यंत्रणेला फोन करायचा. पोचलात की त्याला कळवायला विसरू नका, नाहीतर तुम्ही घरी झोपलेले आणि लोक समुद्रात तुम्हाला शोधतायत.

हे वेळेचं मी एवढं का ताणतो ते सांगतो. एकदा आम्ही तिघं होतो, सकाळपासून काही नाही, आणि निघायची वेळ झाली नेमकं तेव्हा चावे सुरू झाले. अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं करत आम्ही तास काढला. सकाळी खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा पाणी काचेसारखं होतं. तेव्हा भरती भरत होती आणि वारा जवळपास नव्हताच. परत आलो तेव्हा ओहोटी जोरात बाहेर निघत होती आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून आत. पाणी एकीकडे, वारा त्याच्या उलट. उंची फार नव्हती लाटांची, मीटरभर असेल, पण अगदी जवळ जवळ, उभ्या भिंतीसारख्या, एक गेली की बोटीचं नाक वर यायच्या आत दुसरी. मागून आलेल्या एका लाटेने बोट तिरकी फिरवली आणि बादलीने नाही, पिंपाने ओतावं तसं पाणी आत आलं. एक जण बालदीने पाणी उपसतोय, दुसरा नुसता काठाला धरून बसलाय, मी सुकाणू धरलंय आणि तोंडाला कोरड. आम्ही शेवटी वळून परत बाहेर मोकळ्या पाण्यात गेलो, दोन तास तिथेच नाक वाऱ्याकडे करून थांबलो, ओहोटीचा जोर उतरल्यावर आत आलो. त्या दिवशीचे मासे कोणी खाल्ले, कसे लागले, काही आठवत नाही.

म्हणून भरती-ओहोटी आणि वारा यांचं गणित आधी. तुम्हाला अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग माहीत असेलच, उधाणाला पाणी खूप चढतं-उतरतं म्हणजे प्रवाहही जोरात, भांगाला कमी. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात आणि रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पण पाणी त्या ६ तासांत सारखं चढत नाही. एक जुना ठोकताळा आहे, एकूण चढाचे १२ भाग करायचे, पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २, मग १. म्हणजे समजा त्या दिवशी पाणी ३.६ मीटर चढणार आहे, तर पहिल्या तासात जेमतेम ३० सेंटिमीटर, आणि मधल्या दोन तासांत १.८ मीटर, निम्मं पाणी दोन तासांत. खाडीच्या तोंडातून जायचं-यायचं असेल तर हे मधले दोन तास टाळायचे, विशेषतः ओहोटीचे. सगळीकडे हा ठोकताळा तंतोतंत बसत नाही, काही ठिकाणी दिवसात एकच भरती असते, तेव्हा तुमच्या जागेचं भरतीचं कोष्टक बघूनच ठरवा.

वाऱ्याचं म्हणाल तर अशा बोटीला आणि नवख्या मंडळींना १० नॉटच्या वर वारा सांगितला असेल तर मी जाऊ देणार नाही. १ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, तर १० नॉट म्हणजे साडेअठरा किलोमीटर, ऐकायला काहीच नाही, पण ११ ते १६ नॉटला समुद्रावर जागोजागी पांढरे फेस दिसायला लागतात आणि छोट्या बोटीत हाडं खिळखिळी होतात. अंदाजात गस्टचा, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोराच्या झोताचा, आकडा वेगळा देतात, तो बघा. आणि लाटेची उंची जी दिलेली असते ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, उंचीने वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे १ मीटर लिहिलं असेल तर मधूनच पावणेदोन-दोन मीटरची एखादी येणारच, ती आली की अंदाज चुकला म्हणायचं नाही. अजून एक फसवी गोष्ट म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, वाटतं वा काय दिवस आहे, आणि जसजसे आत जाल तसतशी लाट वाढते, आणि इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला आत आत ढकलत नेतो. नवख्यांनी त्या दिवशी किनाऱ्यालगतच राहावं. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मात्र काही मोजत बसू नका, लगेच निघा, उघड्या बोटीत सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता आणि हातातला कार्बनचा रॉड वीज छान वाहून नेतो. रॉड आडवे करून ठेवा आणि या.

किती आत जायचं याचं उत्तर किलोमीटरमध्ये देत नाही. पेट्रोलचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक शिल्लक. शिल्लक भागाला हात लावायचा नाही, कारण येताना लाट समोरून असली तर तेवढ्याच अंतराला बरंच जास्त पेट्रोल लागतं. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांना तर किनाऱ्यावरची झाडं वेगवेगळी ओळखता येतील तेवढंच अंतर पुरे. मासे काही फक्त आतच असतात असं नाही, मला माझे चांगले मासे बहुतेक वेळा खडकाच्या कडेला, किनाऱ्यापासून हाकेच्या नाही तरी नजरेच्या टप्प्यातच मिळालेत.

आता बोट. मागच्या फळीला खाली एक बूच असतं, पाणी काढून टाकायचं. ते लावलंय का ते बोट पाण्यात ढकलायच्या आधी हाताने चाचपा, डोळ्यांनी नाही. मी एकदा ते ट्रेलरवरच विसरून आलो होतो, गप्पा चाललेल्या, पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणालं चप्पल का तरंगतेय. तेव्हापासून बुचाला आणि इंजिनच्या किल्लीला मी एकच दोरी बांधतो, बूच काढलं की किल्ली त्याच्याबरोबर जाते.

किल कॉर्ड म्हणजे ती लाल गुंडाळीची वायर, उपटली गेली की इंजिन बंद करणारी, ती जो चालवतोय त्याच्या मांडीला किंवा जॅकेटला अडकवलेली हवीच. चालवणारा पाण्यात पडला आणि बोट चालूच राहिली तर ती बहुतेक गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. लाइफ जॅकेट अंगावर घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही, न्यूटनचा आकडा म्हणजे तरंगवायची ताकद, १०० न्यूटनचं किनाऱ्यालगत ठीक, जरा बाहेर जाणार असाल तर १५० न्यूटनचं, आणि फुगणारं असेल तर त्यातला सिलिंडर घट्ट बसलाय का हे दर वेळी. ५० न्यूटनचं असतं ते पोहता येणाऱ्यांसाठी, बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवत नाही. दारू बोटीत नको, किनाऱ्यावर आल्यावर काय ते करा. आणि काठावर उभं राहून लघवीला बसणं-उभं राहणं हा प्रकार बंद, बादली वापरायची, मित्रांत लाज कसली. अशानेच माणसं मागच्या मागे पडतात आणि कोणाला कळतही नाही.

वजनाचं सांगायचं राहिलं. चौघं म्हणजे ३०० किलोच्या आसपास, वर पेट्रोल, बर्फ, सामान. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तिच्या आत राहा, आणि ती पाटी शांत पाण्याची आहे हे लक्षात ठेवा. मासा मोठा लागला की चौघंही बघायला एकाच काठावर धावतात, तिथेच बोट कलंडते. आमच्यात नियम आहे की मासा ज्याच्या रॉडला तो आणि नेट धरणारा असे दोघंच एका बाजूला, बाकीचे बूड हलवत नाहीत. ओरडायला हरकत नाही.

नांगर कायम नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून टाकायचा. मागून टाकला की बोटीची मागची, इंजिनच्या वजनाने आधीच खाली दबलेली बाजू लाटेकडे होते आणि पाणी सरळ आत. दोरी खोलीच्या निदान पाचपट, म्हणजे १० मीटर पाण्यात ५० मीटर सोडायची, आणि दोरी आणि नांगर यांच्यामध्ये तीन-चार मीटर साखळी, ती नांगराला आडवं झोपवते म्हणून तो रुततो. सरळ उभी दोरी असली की नांगर नुसता उचलला जातो. खडकात अडकला तर इंजिनचा जोर लावून उलटसुलट ओढत बसू नका, सुरी हाताशी ठेवा आणि दोरी कापा, नांगर दुसरा मिळतो.

इंजिन बंद पडणारच, कधीतरी. पडलं की पहिलं काम नांगर टाकायचा, मग विचार. मग किल कॉर्ड निघालीय का बघा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, नळीतला रबरी फुगा दाबून घट्ट लागतोय का, पंख्यात प्लास्टिकची पिशवी किंवा दोरी गुंतलीय का. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं, आणि सगळ्यात जास्त वेळा तो हवेचा स्क्रू. चालू असताना इंजिनमधून बारीक पिचकारी उडते तिच्याकडे अधूनमधून लक्ष असू द्या, ती थांबली तर थंड करणारं पाणी फिरत नाहीये. वल्ही दोन तरी हवीतच. फोन पाण्यापासून बचावाच्या पिशवीत, पण फोनवर भिस्त ठेवू नका, रेंज जाते. हातातला व्हीएचएफ रेडिओ घ्या, तुमच्याकडे त्याला परवाना लागत असेल तर तो काढा, आणि चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनल, चौघांनाही लावता आलं पाहिजे. जीव धोक्यात असेल तर मेडे तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. हे एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून चिकटवून टाका, त्या वेळी स्वतःचं नाव आठवत नाही.

मोठ्या जहाजांच्या वाटेत थांबू नका. काही जणांना वाटतं आपण मासेमारी करतोय म्हणजे बाकीच्यांनी आपल्याला वाट द्यायची. समुद्रात टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मासेमारी करणारी बोट म्हणजे जिला जाळ्यामुळे वगैरे वळायला अडचण आहे ती, मागे गळ ओढत जाणारी बोट त्यात येत नाही असं चक्क लिहिलंय. तुम्ही साधी मोटरबोट. समोरचं जहाज तुमच्या नजरेत एकाच दिशेला दिसत राहतंय आणि मोठं होतंय, याचा अर्थ टक्कर होणार, तुम्ही लवकर आणि ठळकपणे बाजूला व्हा.

हुश्श. आता मासे.

चौघांनी चार प्रकारची हत्यारं आणू नका, एकसारखी चार आणा, म्हणजे सुट्टे भाग, गाठी, शिसं सगळं एकमेकांना चालतं. ७ फुटांच्या आसपास मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, ४००० साइजचं खाऱ्या पाण्याचं रील, त्यावर २० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन, आणि पुढे गळाकडच्या टोकाला मीटर-दीड मीटर ३० ते ४० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे घासायला न तुटणारा जाड तुकडा. ब्रेडेड बारीक असते म्हणून प्रवाहात कमी वाहते आणि तळाचं टुकटुक हाताला कळतं, पण खडकावर घासली की दोऱ्यासारखी तुटते, म्हणून तो लीडर. पैसे कमी असतील तर रॉडवर वाचवा, रीलवर नको. आणि दोन जोडायची एक गाठ, गळाला बांधायची एक गाठ, अशा दोनच पण पक्क्या शिका. डबल युनी आणि पालोमार पुरे. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने लाइन तिथेच कमजोर होते. मी अजूनही प्रत्येक गाठ आवळून झाली की गळ बोटीच्या कड्याला अडकवून जोरात ओढून बघतो, दहात एखादी सुटतेच.

ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक, अंदाजाने लावू नका. २० पौंड म्हणजे ९ किलोच्या आसपास, त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोवर लाइन सुटायला लागली पाहिजे. साधा स्प्रिंगचा काटा लाइनला अडकवा, एकाने रॉड वाकवून धरायचा, दुसऱ्याने काटा ओढायचा, करकर सुरू झाली की आकडा वाचायचा. हे किनाऱ्यावर करा. बोटीत मासा लागल्यावर ड्रॅगचं बटण पिळणारे मासा घालवतात, मी स्वतः खूप घालवलेत.

मासा कुठे? सपाट वाळूच्या तळावर शोधत फिरू नका. तळ कुठे तरी बदलतो तिथे बघा: खडक संपून वाळू सुरू होते ती कड, एकदम खोल होतं ती पायरी, बुडालेलं काहीतरी, दोन रंगांचं पाणी जिथे मिळतं आणि फेसाची रेघ दिसते ती जागा. बारीक मासळी तिथे जमते, तिच्यामागे मोठा. आणि खडक असेल तर बरेचदा प्रवाह ज्या बाजूने येतोय त्या तोंडाला मासा उभा असतो, खाणं वाहत त्याच्याकडे येतं, मागे आडोशाला थोडा. पाणी अगदी थांबलेलं असतं तेव्हा बहुधा सगळं सुस्त, ते हलायला लागलं की चावे सुरू होतात. हीच ती गंमत, मासा लागायची वेळ आणि खाडीच्या तोंडात धोक्याची वेळ एकमेकींच्या फार जवळ असतात, म्हणून वरचं सगळं पुराण.

जागा सापडली की बोट तिच्यावरून धडधडत नेऊ नका. वळसा घालून प्रवाहाच्या वरच्या अंगाला जा, इंजिन बंद करा, आणि वाहत वाहत तिच्यावरून या. गळ तळाला लागला की दोन-तीन वेटोळी गुंडाळून वर घ्या, नाहीतर दर वेळी खडकात. बोट फार जोरात वाहत असेल तर पाण्याचा पॅराशूट मिळतो तो लावा, नसेल तर दोरीला बांधलेली मजबूत बादलीही चालते. पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले तर खाली माशांचा थवा आहे हे नक्की, पण मधोमध बोट घातली की तो खाली बसलाच म्हणून समजा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन लांबून चमचा किंवा जिग (दोन्ही धातूची खोटी आमिषं) फेका.

आमिष लावून तळाला सोडणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरा. यात एकच पथ्य, झटका मारायचा नाही. हे तळ्यावरून आलेल्यांना फार जड जातं, हात आपोआप उडतो. माशाला नेऊ द्या, रॉड वाकला की नुसतं गुंडाळायला लागा, गळ फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सोडून द्यायचा मासा असेल तर त्याच्या पोटात गळ गेलेला नसतो, हा फायदा. लहान, किंवा जिथे जातोय तिथल्या नियमात न बसणारा मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडा, निघायच्या आधी साइजचे आणि बंदीच्या महिन्यांचे नियम वाचून घ्या.

खोलातून वर ओढलेल्या माशाचं वेगळं असतं. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून त्याच्या पोटातली हवेची पिशवी वर येईपर्यंत चौपट फुगते, डोळे बाहेर, जठर तोंडातून बाहेर. तो नुसता पाण्यात टाकला तर उलटा तरंगत राहतो. वजन लावलेली क्लिप जबड्याला लावून त्याला परत खाली न्यायची सोय मिळते, ती बाळगा, ते बाहेर आलेलं टोचून फोडू नका. खरं सांगू का, खोलात दोन-तीन पुरेसे मासे मिळाले की तिथून हला हेच बरं.

ठेवायचा मासा लगेच मारा, गिलमधून (कल्ल्यातून) रक्त काढा, आणि बर्फाच्या पाण्यात घाला, दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. नुसत्या बर्फावर ठेवलेल्यापेक्षा हा फार लवकर गार होतो कारण पाणी चारी बाजूंनी लागतं. बांगडा, कुपा या जातीचे मासे उन्हात पडले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही, वासही येईलच असं नाही, खाल्ल्यावर तोंड लाल होतं, खाज, डोकं ठणकतं. उष्ण पाण्यातल्या प्रवाळांजवळचे मोठाले बराकुडा, हेकरू यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं, तेही शिजवून किंवा गोठवून जात नाही, तेव्हा अशा ठिकाणी मोठा मासा फोटोपुरता. फुगणारा मासा कोणीही घरी न्यायचा नाही. आणि ओळखू न येणारा काटेरी मासा हाताने धरू नका, पक्कड वापरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास हात बुडवायचा, त्याने वेदना बऱ्याच उतरतात, आणि डॉक्टरकडे जायचंच.

गळ माणसाला लागतो तो बहुतेक वेळा मागे न बघता फेकताना. म्हणून फेकायच्या आधी तोंडाने ‘फेकतोय’ म्हणायचं आणि सगळ्यांनी गॉगल घालायचा, पोलराइज्ड असेल तर पाण्यातलंही दिसतं. आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यात तिहेरी गळ घुसला होता, पलीकडे मासा अजून फडफडतोय, प्रत्येक फडफडीला हा किंचाळतोय. पहिलं काम गळ काढायचं नसतं, मासा वेगळा करायचा असतं, लाइन कापा, कटरने गळाची दांडी कापा. कटर एवढा दणकट हवा की तुमचा सगळ्यात जाड गळ कटकन तुटेल, घरी तोडून बघा. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात घुसला असेल तर हात न लावता, हलू नये असा बांधून, परत. धनुर्वाताचं इंजेक्शन चौघांनीही आधीच घेऊन ठेवा.

राहिला तुमचा बोट लागणारा मित्र. गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यायची, कुठली ते डॉक्टरला विचारून, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते म्हणून आदल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघायची. रिकाम्या पोटी नको, तुडुंबही नको. बोटीत त्याला मध्यापासून जरा मागे बसवा, तिथे हेलकावा कमी, नाळेवर कधीच नको. पेट्रोलच्या धुराजवळही नको. त्याला गाठी बांधायला, खाली वाकून डबा धुंडाळायला लावू नका, त्याची सगळी रिग (गळ, लीडर, शिसं) घरून बांधून आणा, नजर क्षितिजावर. आणि जमलं तर सुकाणू त्यालाच द्या. चालवणाऱ्याला पुढची लाट आधी दिसते, शरीर तयार होतं, त्यामुळे त्याला कमी लागते. नांगर टाकून डोलत बसणं त्याच्यासाठी सगळ्यात वाईट, त्या दिवशी वाहत वाहत मासेमारी करा. तरी ओकला तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बसूनच, आणि कोणीतरी त्याचं जॅकेट मागून धरून ठेवा. पाणी घोट घोट देत राहा. दोन तासांत उतरलं नाही तर फेरी संपवा, त्याला ‘सहन कर रे’ म्हणत चार तास काढले की तो पुढच्या वेळी येणार नाही, आणि मग खर्च तिघांत वाटायचा.

इंजिनचं वय आणि त्याची पिचकारी कशी आहे ते कळवा, सेकंडहँड घेतलंय म्हणालात. पंपातला रबरी पंखा कधी बदलला ते आधीच्या मालकाला विचारा, आठवत नाही म्हणाला तर पहिल्या फेरीच्या आधीच बदलून टाका. रोज परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, आणि रीलं ड्रॅग घट्ट करून हलक्या धारेने धुवा, म्हणजे पाणी आत जात नाही, मग पुसून ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा.